पडद्यावरची विज्ञानकथा आणि माझी घाई

१/ ऐतिहासिक चित्रपटात चूक सापडली की इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोण आनंद होतो! एका काळातील शब्द वा ग्रंथ दुसऱ्याच काळात अवतरला, तर तो कालविपर्यास. विज्ञानकथांच्या उल्लेखांत तो कसा ओळखावा, आणि ओळखताना मी कसा फसलो, याविषयी हा धागा.

२/ पहिली कसोटी शब्दाची. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या चेक नाटकाने जगाला दिला; त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. पहिल्या महायुद्धातील सैनिकाच्या तोंडी तो आला, तर ती निःसंशय चूक.

३/ दुसरी कसोटी बोलणाऱ्याची. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) मध्ये १९५५ साली मार्टी स्वतःला व्हल्कन ग्रहावरचा डार्थ व्हेडर म्हणवतो. ‘स्टार ट्रेक’ १९६६ चे, ‘स्टार वॉर्स’ १९७७ चे. परंतु मार्टी आला आहे १९८५ मधून. ही चूक नव्हे. विनोदच त्या विसंगतीवर उभा आहे.

४/ तिसरी कसोटी मी विसरलो. मालिकेचा तिसरा भाग (१९९०) घडतो १८८५ च्या कॅलिफोर्नियात. ज्यूल व्हर्नची कॅप्टन नेमोची कादंबरी आपण बालपणी वाचली, असे डॉक बोलून जातो. शिक्षिका क्लारा त्याला अडवते: ते पुस्तक येऊन दहाच वर्षे झाली! मी मित्रमंडळींत ठामपणे म्हणालो, “फ्रेंच पुस्तक १८७० चे. पंधरा वर्षे हवीत. चूक!”

५/ एका मैत्रिणीने शांतपणे विचारले, “क्लाराने ते कोणत्या भाषेत वाचले असेल?” मी निरुत्तर. इंग्रजी अनुवाद आला १८७३ च्या सुमारास. म्हणजे बारा वर्षे. बोलण्याच्या ओघात बाराची दहा सहज होतात. मूळ प्रकाशनाचे साल पाहून मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. वाचकाच्या हाती पुस्तक केव्हा पडले, हे पाहिलेच नव्हते.

६/ आता तुमच्यासाठी एक कोडे. १८७२ सालच्या कथेत कुणी नेमोला ‘भारतीय राजपुत्र’ म्हटले, तर? कादंबरी तेव्हा होती, नेमोही होता. पण तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डाक्कार आहे, हे व्हर्नने उघड केले ‘द मिस्टीरियस आयलंड’च्या शेवटी, १८७५ मध्ये. ग्रंथ योग्य काळातला, माहिती मात्र पुढच्या काळातली!

७/ म्हणून चूक जाहीर करण्यापूर्वी इतकेच विचारावे: त्या माणसाला, त्या भाषेत, त्या दिवशी हे ठाऊक असणे शक्य होते का? दस्तऐवज वाचतानाही आपण हाच प्रश्न विचारतो.