उद्यानप्रकाशयोजना, अतिलघुदाब

घराभोवतीची बाग, पायवाट, पायऱ्या, झाडांचे बुंधे, तुळशीवृंदावन, पाण्याचे कुंड यांवरचे दिवे २३० व्होल्टऐवजी १२ किंवा २४ व्होल्टवर चालवण्याची पद्धत. भिंतीवरचा ट्रान्सफॉर्मर किंवा एलईडी ड्रायव्हर घरचा दाब उतरवतो आणि तिथून पुढे बागेत हा उतरवलेला दाबच फिरतो. घरगुती २३० व्होल्टचा पुरवठा वीजमंडळाच्या वर्गवारीत लघुदाबात मोडतो, म्हणून येथे अतिलघुदाब ही संज्ञा वापरली आहे.

या पद्धतीचा पायंडा अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस बिल लॉकलिन यांनी पाडला असे मानले जाते. पुढे १२ व्होल्टचे छोटे हॅलोजन दिवे आले आणि मग एलईडी. पूर्वी ज्या कामाला ५० वॉटचा हॅलोजन लागे ते आता ६-७ वॉटमध्ये होते. त्यामुळे तारा, ट्रान्सफॉर्मर, उष्णता सारेच आटोक्यात आले आणि बंगल्यांच्या बागांत, फार्महाउसवर, कोकण-गोव्यातल्या रिसॉर्टांत ही पद्धत रुळली.

सुरक्षिततेचा हिशेब असा : आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अतिलघुदाबाची वरची मर्यादा प्रत्यावर्ती प्रवाहासाठी (एसी) ५० व्होल्ट आणि एकदिश प्रवाहासाठी (डीसी) १२० व्होल्ट आहे. ती कोरड्या कातडीच्या भरवशावर ठरलेली आहे. बागेत माणूस अनवाणी, ओल्या मातीत, हातात पाण्याचा पाइप घेऊन उभा असतो. अशा वेळी कातडीचा रोध फार उतरतो. म्हणूनच पोहण्याच्या तलावात, माणूस पाण्यात असतो त्या भागात, हीच मर्यादा १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसीवर आणली आहे आणि ट्रान्सफॉर्मर तलावापासून दूर ठेवण्याचे बंधन आहे. कमळाच्या कुंडातल्या दिव्यालाही हाच नियम लावावा.

मात्र १२ हा आकडा एकटा कोणाला वाचवत नाही. २३० व्होल्टची बाजू आणि बागेची बाजू यांच्यात धातूचा कोणताही दुवा नसणे हे खरे संरक्षण आहे. आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेगळी वेटोळी असतात आणि वीज चुंबकीय क्षेत्रातूनच पलीकडे जाते. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये वेटोळे एकच असते. त्याच्या दोन टोकांत १२ व्होल्ट मिळाले तरी त्यांतले प्रत्येक टोक जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर असू शकते. नॉन-आयसोलेटेड एलईडी ड्रायव्हरचेही तेच. मुंबईची लोहार चाळ असो वा पुण्याची तपकीर गल्ली, दुकानात हे सगळे प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. तेव्हा ‘आयसोलेटेड’ असे स्पष्ट मागावे आणि खोक्यावर आयईसी ६१५५८-२-६ हे मानक किंवा ड्रायव्हरवर ‘एसईएलव्ही’ (सुरक्षित अतिलघुदाब) ही अक्षरे आहेत का ते पाहावे. जाळीदार पत्र्याच्या पेटीतले एसएमपीएस (दाब उतरवणारे इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठे) खोलीतल्या कोरड्या कपाटासाठी बनवलेले असतात. त्यांचे २३० व्होल्टचे स्क्रू बहुधा उघडेच असतात. त्यांना बागेच्या भिंतीवर जागा नाही.

आणखी एक गोष्ट वायरमनला आवर्जून सांगावी लागते, कारण ती त्याच्या रोजच्या सवयीविरुद्ध जाते : अर्थिंग २३० व्होल्टच्या बाजूला हवे, १२ व्होल्टची तार अर्थला जोडायची नाही. ती मोकळी असते म्हणूनच एका तारेला हात लागला तरी प्रवाहाला जमिनीतून परतीची वाट मिळत नाही.

दिवाळीत वा गणपतीत झाडांवर टाकतात त्या सीरिजच्या माळा या प्रकारात मोडत नाहीत. बल्ब इवलासा असला तरी माळेतल्या बऱ्याच बल्बांत मिळून २३० व्होल्ट विभागलेले असतात. तार तुटली किंवा होल्डर निघाला की उघड्या टोकावर पूर्ण दाब येतो. ओल्या झाडावर अशी माळ चढवणे आणि १२ व्होल्टची माळ चढवणे यांत जिवाचे अंतर आहे.

झटक्याचा धोका गेला की आगीचा धोका विसरला जातो, आणि या पद्धतीत तो कमी नसून जास्त असतो. दाब उतरला की तेवढ्याच वॉटसाठी प्रवाह वाढतो. ६० वॉटला २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर ५ अँपिअर. दिवे २५ मीटर दूर, फाटकाजवळ आहेत असे धरू. जाऊन-येऊन तार ५० मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणजे इथे ०.६ ओहम. ५ अँपिअरला ३ व्होल्ट वाटेतच जातात आणि फाटकाशी ९ उरतात. दिवे मंद होतात, काही लुकलुकतात. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट सव्वा व्होल्टच्या आत येते. तीच दीडची तार ठेवून २४ व्होल्टची यंत्रणा घेतली तर प्रवाह निम्मा होतो, घट दीड व्होल्ट, म्हणजे २४ च्या मानाने सहा टक्के. मोठ्या बागेला २४ व्होल्टच घ्यावेत.

आता याच ०.६ ओहमच्या तारेच्या टोकाला कुदळीच्या घावाने शॉर्ट झाला असे समजा. प्रवाह १२ भागिले ०.६, म्हणजे २० अँपिअर. ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीएचा असेल तर त्याची स्वतःचीच क्षमता २५ अँपिअर आहे. त्याला हा शॉर्ट नेहमीच्या भारासारखाच वाटतो, तो बंद पडत नाही आणि मातीखालच्या पाइपात तार तापत राहते. घरातला, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही पडत नाही, कारण आयसोलेशनच्या पलीकडची गळती त्याला दिसतच नाही. यावर एकच उपाय : ट्रान्सफॉर्मरमधून निघणाऱ्या प्रत्येक लाइनला तिच्या तारेच्या जाडीप्रमाणे वेगळा फ्यूज. वरच्या उदाहरणात ६ किंवा १० अँपिअरचा पुरतो. डीसी असेल तर एमसीबीही डीसीसाठीच बनवलेली हवी. आरसीसीबी २३० व्होल्टच्या बाजूसाठी अनिवार्यच समजावा. फक्त त्याची राखण ट्रान्सफॉर्मरपाशी संपते.

बिघाडांचे मूळ बहुतेक वेळा जोडात सापडते. तारा पिळून, वर काळी टेप गुंडाळून मातीत पुरलेला जोड एका पावसाळ्यानंतर उघडून पाहावा : टेप चिकट होऊन सोलते, आत हिरवट भुकटी असते आणि इन्सुलेशन मागे कापत गेले तर चांगले वीतभर आतपर्यंत तांब्याचे केस काळे पडलेले दिसतात. पाणी त्या बारीक केसांमधून केशाकर्षणाने वर चढते. डीसीवर झीज आणखी झपाट्याने होते. अशा जोडाचा रोध वाढतो, तो तापतो आणि शेवटी वितळतो. म्हणून जोड शक्यतो जमिनीवर, ग्लँड लावलेल्या जंक्शन बॉक्समध्ये करावा. जमिनीखाली करावाच लागला तर तारा क्रिंप करून, आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी चढवून किंवा जेल भरलेल्या कनेक्टरमध्ये बसवावा. बॉक्सच्या तळाला पाणी साचू देऊ नये. मुंग्या आणि पाली यांना ऊबदार बॉक्स फार आवडतात, त्यामुळे वापरात नसलेले प्रत्येक भोक बंद करावे.

तार किती खोल पुरावी? अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे ३० व्होल्टपर्यंतच्या बागदिव्यांना ६ इंच पुरतात. आपल्याकडे आळी दरवर्षी खणली जातात, घुशी बिळे करतात. जाड पीव्हीसी पाइपात फूट-दीड फूट खोली ठेवावी आणि वर धोक्याची पट्टी अंथरावी. २३० व्होल्टची केबल त्याच पाइपात कधीही घालू नये.

दिव्याच्या आयपी क्रमांकातला दुसरा आकडा पाण्याचा : ६५ फवाऱ्याला टिकतो, ६७ तात्पुरत्या बुडण्याला, ६८ कायम पाण्यात राहण्याला. जमिनीत बसवायच्या दिव्याला ६७ आणि त्याखाली खडीचा निचरा, दोन्ही हवेत. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वर खारी हवा. रंगवलेले लोखंड तिथे टिकत नाही. पितळ किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. ट्रान्सफॉर्मरची पेटी पागोळ्यांच्या बाहेर, पुराच्या खुणेच्या वर आणि हवा खेळेल अशी लावावी. तिच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपलीकडे भार नसावा. हॅलोजनसाठीचे जुने इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर लांब तारेसाठी बनलेले नसतात आणि एलईडीच्या कमी भारावर ते नीट चालतही नाहीत.

भारतात वीजजोडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत करून घ्यावे लागते. पेटीपर्यंतची २३० व्होल्टची लाइन त्यात येते. पेटीपुढचे काम घरचा माणूस काळजीने करू शकतो, पण पेटी बंद करूनच.

बागेतला प्रकाश माणसापुरता मर्यादित राहत नाही. सह्याद्रीत भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात मे-जूनमध्ये काजवे एकमेकांना प्रकाशाने साद घालतात, आणि शेजारी प्रखर दिवा असला की ती साद हरवते. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा दिवा त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतो. अशा ठिकाणी दिवे खाली वळवलेले, २७०० केल्व्हिन वा त्याहून पिवळसर आणि टायमरने रात्री लवकर बंद होणारे असावेत. किनाऱ्यालगत विणीच्या काळात ते लावूच नयेत.

तपासणी मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी करावी : शेवटच्या दिव्यापाशी मल्टिमीटरने व्होल्टेज, प्रत्येक लाइनचा प्रवाह क्लँप मीटरने, आरसीसीबीचे ‘टी’ बटण, ग्लँड आणि रबरी वॉशर. दिवे व ड्रायव्हर सोडवून मेगरने २५० व्होल्टवर तारांचे इन्सुलेशन किमान अर्धा मेगओहम भरायला हवे. गेल्या वर्षीचे आकडे पेटीच्या दाराच्या आत लिहून ठेवलेले असले की कोणती लाइन खचत चालली ते लगेच कळते.