डमडमची गुगली

कोलकात्याजवळच्या डमडमचं नाव जगभर गेलं ते बंदुकीच्या गोळीमुळे. इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ती बनली आणि १८९९च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदीही आली. पण इथल्या चिखलात त्याच्या कितीतरी आधीपासून बायका-पोरं कंबरभर पाण्यात उतरून वेगळंच काही वेचत होती. ती गुगली, म्हणजे गोड्या पाण्यातली, बोराएवढी, अंगावर काळपट पट्टे असलेली गोगलगाय. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२२ साली तिचं शास्त्रीय नाव ठेवताना त्यात बंगालच घातला.

तिचं कूळ भाताचं आणि तळ्यांचं. खाचरांतलं पाणी ओसरलं, की ती हाताला लागते. मांस माणसांना, बारीकसारीक बदकांना आणि कवचं चुन्याच्या भट्टीला. टाकायचं असं काही नाहीच. आपल्या कोकणात ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांचं गणितही असंच असतं. फरक एवढाच, की कालवांना पाहुण्यांच्या ताटात मान आहे, गुगलीला तो कधी मिळाला नाही. १९४३च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसं गेली. त्या दिवसांत अळूची पानं आणि तळ्यातली गुगली यांवर लोकांनी तग धरला. माझ्या मते भद्रलोकांनी, म्हणजे तिथल्या सुशिक्षित पांढरपेशांनी, तिच्याकडे नाक मुरडण्यामागे चवीपेक्षा ही आठवण जास्त आहे.

चवीत खोट नाहीच. कष्ट मात्र भरपूर. आधी ती स्वच्छ पाण्यात ठेवून चिखल ओकू द्यायचा. मग उकडायची, टाचणीने तोंडावरचं झाकण उचलायचं, मांस ओढून काढायचं आणि शेपटाकडचा काळा भाग तोडून टाकायचा. मीठ-हळद चोळून धुवायचं, बुळबुळ जाईपर्यंत पुन्हा धुवायचं. नंतर मोहरीच्या तेलात कांदा, आलं-लसूण, मिरची आणि बटाट्याच्या फोडी घालून मसाला तेल सोडेपर्यंत परतायचं. इतकं करूनही खाताना मध्येच दाताखाली कचकन काही येतं. ही वाळू नसते. गुगली अंडी बाहेर घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, आणि मादीच्या पोटातल्या पिल्लांनाही कवच असतं.

कवचातून असं ओढून काढून खाणं बंगालपुरतं नाही. अटलांटिकमधल्या अझोर बेटांवर खडकांना चिकटलेले बार्नॅकल, तिकडचे ‘क्राकास’, समुद्राच्याच पाण्यात उकडून आकड्याने ओढून खातात. तिथे ती हॉटेलातली चैन आहे. मिथिलेत अशा गोगलगायींना ‘डोका’ म्हणतात आणि घरोघरी आवडीने रांधतात.

डमडममध्ये मात्र गुगलीचं पाणीच कमी होत गेलं. डमडमला लागून खारी दलदल होती. १९६२पासून हुगळीचा गाळ पंपाने ओतून ती बुजवायला सुरुवात झाली आणि तिथे सॉल्ट लेक हे उपनगर उभं राहिलं. फाळणीनंतर निर्वासितांच्या वसाहतींनी डमडमची तळी आधीच वेढली होती. पुढे बिल्डरांनी उरलीसुरली बुजवली. बागजोला खाल अजून वाहतो, पण सांडपाणी घेऊन.

गुगली पाण्यातलं सारं अंगात साठवते, शिसं आणि कॅडमियमसुद्धा. तेव्हा डमडमच्या बाजारात ती दिसली, तर भावाआधी कुठल्या तळ्यातली ते विचारा. आणि घेतलीत, तर नीट शिजल्याशिवाय तोंडात घालू नका.