भिडे वाडा : एका पाडलेल्या वास्तूचा इतिहास

आपल्या मोझरीत किंवा तिवशात एखादे जुने सागवानी घर पाडले, की खांब-तुळया विकल्या जातात आणि त्या घराचा इतिहासही तेथेच संपतो. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्याचे तसे होऊ नये, म्हणून ही थोडी माहिती.

तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. एतद्देशीयांनी चालविलेल्या मुलींच्या शाळांपैकी ती अगदी आरंभीची होय.

पुण्याच्या वाड्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. दगडी जोत्यावर तळखडे, त्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया व वर कडीपाट. मुख्य भार हा लाकडी सांगाडा पेलतो. मधल्या विटामातीच्या भिंती आडोसा करतात. दोन खांबांमधील जागेला खण म्हणतात. रस्त्याकडचे खण मोकळे ठेवता येत असल्याने खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही सोय सहज होई. भिडे वाड्यातही रस्त्याच्या बाजूस दुकाने होती.

लाकडाचा शत्रू पाणी. कौले सरकली की पाणी खांबाच्या बुडाशी मुरते, लाकूड कुजते आणि सांगाडा झुकतो. वेळेवर डागडुजी झाली तरच वाडा टिकतो. भिडे वाड्याच्या जागी राष्ट्रीय स्मारक करण्याचे पुणे महानगरपालिकेने ठरविले; दुकानदारांनी न्यायालयात दाद मागितली. त्यांचे पोट त्या गाळ्यांवर होते, हेही विसरून चालणार नाही. वाद वर्षानुवर्षे चालला व वाडा खचत गेला. २०२३ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निर्णय दिला. ४ डिसेंबरच्या रात्री वाडा पाडण्यात आला.

फातिमा शेख यांचे नाव आपल्या घरांत आदराने घेतले जाते. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात, आजारपणामुळे माहेरी असलेल्या सावित्रीबाईंनी फातिमेला त्रास पडत असेल अशी काळजी व्यक्त केली आहे. पत्र जपले गेले, म्हणून ही आठवण राहिली.

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटीत आजी-आजोबांना विचारा : आपले घर कोणी बांधले, लाकूड कोठून आणले, खण किती होते? ते वहीत लिहून ठेवा. आणि पालकांनो, मुलीची शाळा मध्येच सोडवू नका. वाडा पडला तरी त्यात सुरू झालेले काम पडता कामा नये.