कण्यातील सुई आणि एक जुनी भीती

बाळंतपणाच्या वेदना औषधाने शमवाव्या की नाहीत, या वादाची कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. एडिंबरोच्या सिम्प्सनने १८४७ साली प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला, त्यावर पुष्कळ काहूर उठले, आणि १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने जॉन स्नोच्या हातून तो हुंगल्यावर वादाची धार बोथट झाली. आम्हांस येथे सांगावयाची आहे ती हकीकत त्या मानाने अपरिचित आहे. रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीचे पोट चिरून मूल काढावयाचे असता तिला भूल कोणत्या वाटेने द्यावी, हा प्रश्न कित्येक दशके एका तर्काने अडवून धरला होता. आणि तर्क चांगला होता, हीच त्यातली मौज.

गरोदरपणी अंगावर सूज येऊन स्त्रीस झटके येतात, हे जगास फार पूर्वीपासून माहीत होते. आमच्याकडे ती बाहेरची बाधा ठरून अंगारेधुपारे होत. लंडनच्या लीव्हरने १८४३ मध्ये अशा स्त्रियांच्या लघवीत प्रथिन जात असल्याचे दाखविले. पण रक्ताचा दाब मोजणार कशाने? दंडास बांधावयाचा पट्टा इटलीतील रिव्हा-रोच्चीने १८९६ साली काढला, तेव्हा कोठे या रोगाचे मर्म हाती लागले.

त्याच सुमारास, ऑगस्ट १८९८ मध्ये, जर्मनीतील कील येथे ऑगुस्ट बिअरने कण्यात सुई घालून कोकेन सोडले व रोग्याचे पाय बधिर केले. पुढे त्याने व त्याच्या सहायकाने हा प्रयोग एकमेकांवर केला. सहायकाच्या नडगीवर हातोडीचे घाव घातले तरी त्यास वेदना नव्हती. मात्र मागाहून दोघांचीही डोकी भयंकर दुखली. ती डोकेदुखी खरी. ‘पाठीत सुई घेतली की जन्माची पाठदुखी’ हे वाक्य मात्र आमच्या घरांतून आजही ऐकू येते, त्यास अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. १९०० साली बाझेलच्या क्राइसने हीच रीत प्रसूतीसाठी योजिली.

मग रक्तदाबाच्या रोगिणीस ती का नाकारली गेली? कण्यातील औषधाने रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या मज्जातंतू निकामी होतात, वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. या स्त्रियांच्या वाहिन्या तर आधीच आवळलेल्या व आतील रक्तद्रव कमी. तेव्हा दाब एकदम कोसळेल, वारेकडील रक्त आटेल, मूल गुदमरेल, असे अनुमान निघाले. म्हणून पूर्ण भूल द्यावी, किंवा पुढील काळात कण्याबाहेरच्या पोकळीत हळूहळू औषध सोडावे, असा प्रघात पडला. पूर्ण भुलीची किंमतही थोडी नव्हती. सुजलेल्या घशातून नळी जाईना. गेली तर दाब उसळून मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय. न्यूयॉर्कच्या मेंडेलसनने १९४६ मध्ये ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी चाळून, भुलीत पोटातील अन्नपाणी श्वासावाटे फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणे मांडली होती.

अनुमान तपासण्यास विसावे शतक सरावे लागले. डॅलस येथे १९९५ मध्ये रोग तीव्र असलेल्या ८० स्त्रियांत पूर्ण भूल व कण्याच्या वाटेच्या भुली पडताळून पाहिल्या. काळजीपूर्वक दिल्यास साऱ्याच स्वीकारार्ह ठरल्या. फ्रान्समध्ये २००३ साली निघालेला निष्कर्ष तर अनुमानास उलटा करणारा होता. कण्यातील भुलीनंतर निरोगी ३० स्त्रियांपैकी १६ जणींचा दाब धोकादायक उतरला. तीव्र रोगाच्या ३० पैकी केवळ ५ जणींचा! कारण असे दिसते की, या रोगात वाहिन्या आवळल्या जातात त्या केवळ मज्जातंतूंमुळे नव्हे, तर वारेतून रक्तात उतरणाऱ्या द्रव्यांमुळे. आणि सुईचा अंमल त्या द्रव्यांवर चालत नाही.

यावरून ती सुई सर्वांस सरसकट द्यावी असे मात्र नव्हे. याच रोगात रक्त गोठविणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, कधी कधी फार घटतात. अशा वेळी कण्यात रक्त साचून पाय कायमचे लुळे पडण्याचे भय असते. झटक्यांनंतर शुद्धीवर न आलेल्या स्त्रीसही पूर्ण भूलच द्यावी लागते, आणि नळी घालण्यापूर्वी औषधाने दाब आवरून धरावा लागतो.