पिसारोच्या चौकटीतील चार ठसे

इ. स. १८८० च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे पाचवे सामूहिक प्रदर्शन भरले. त्यासाठी कामीय पिसारो याने आपली अम्लरेखने पिवळ्या कागदावर बसवून जांभळ्या चौकटींत घातली. हा रंगविरोध लक्षवेधी खरा. परंतु अधिक महत्त्व एका चौकटीला द्यावयास हवे. तीत लेर्मिताज येथील वनदृश्याच्या एकाच पत्र्यावरून काढलेले चार निरनिराळ्या अवस्थांतील ठसे त्याने एकत्र लावले. एरवी असे मधले ठसे कार्यशाळेत अथवा संग्राहकांच्या बासनात राहत. फ्रेंच ‘एता’ या संज्ञेला ‘अवस्था’ हाच मराठी प्रतिशब्द येथे शोभतो. ‘कच्चा ठसा’ म्हटल्यास पिसारोचा हेतूच लोपतो. देगा व मेरी कॅसट यांच्यासह ज्या नियतकालिकासाठी हे प्रयोग आरंभिले होते, ते मात्र कधीच निघाले नाही.