जलसा आणि नर्तकी : अस्पृश्यताविरोधी संगीतनाट्याच्या इतिहासातील एक पेच

प्रस्तावना

सतराव्या शतकात देहूला इंद्रायणीकाठी तुकारामांचे कीर्तन रंगत असे. टाळ-मृदंगाच्या साथीने गाण्यास आणि नाचण्यास तेथे सर्व जातींना वाट मोकळी होती, असे वारकरी परंपरा मानते. ब्राह्मण कुळातील तरुण बहिणाबाईंनी शूद्र गणल्या गेलेल्या तुकारामांना गुरू केले आणि त्यापायी देहूतच मंबाजीचा छळ सोसला. मात्र वाळवंटातील ही समता मंदिराच्या उंबरठ्यापाशी थांबत असे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले आणि त्याकरिता साने गुरुजींना उपोषण करावे लागले. गाणे व नृत्य माणसांना एकत्र आणतात हे खरे. परंतु कोणाला, कोणत्या अटीवर, हा प्रश्न उरतोच. विसाव्या शतकातील अस्पृश्यताविरोधी जलशांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

नृत्याचा हक्क : एक परदेशी उदाहरण

तुलनेसाठी अमेरिकेतील 'हेअरस्प्रे' या संगीत-विनोदिकेचा उल्लेख उपयुक्त ठरतो. जॉन वॉटर्स यांनी १९८८ मध्ये हा चित्रपट केला. २००२ मध्ये त्याचे ब्रॉडवेच्या रंगभूमीवर संगीत नाटक झाले. १९६०च्या दशकाच्या आरंभीचे बाल्टिमोर शहर ही त्याची पार्श्वभूमी आहे. दूरचित्रवाणीवरील नृत्याच्या कार्यक्रमात कृष्णवर्णीय मुलांनाही गोऱ्या मुलांबरोबर नाचू द्यावे, म्हणून एक किशोरवयीन गोरी नर्तकी झगडते. या कथेमागे 'द बडी डीन शो' हा १९५७ ते १९६४ या काळात चाललेला प्रत्यक्ष कार्यक्रम होता. त्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळे दिवस राखून ठेवलेले असत. नाटकात अखेरीस सारे एकत्र नाचतात. प्रत्यक्षात मात्र एकत्र नृत्य स्वीकारण्याऐवजी तो कार्यक्रमच बंद करण्यात आला.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, त्या मुलांच्या दृष्टीने नृत्य हा नाकारलेला हक्क होता. महाराष्ट्रात परिस्थिती नेमकी उलट होती. येथे काही जातींच्या वाट्याला नाचणे हे जन्माने आलेले काम होते.

जलशाची घडण

तमाशाची रचना गण, गवळण, बतावणी, लावणी व वग अशा अंगांची आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुढे हीच रचना प्रचारासाठी वापरली. कृष्ण-गवळणींच्या थट्टेची जागा भिक्षुकशाही व कर्मकांड यांची खिल्ली उडविणाऱ्या सवाल-जवाबांनी घेतली. महाडच्या १९२७ च्या व काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहांनंतर आंबेडकरी जलसे जोमाने उभे राहिले. नाशिकच्या परिसरातील भीमराव कर्डक हे त्यांतील अग्रणी होत. 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हा त्यांचा ग्रंथ या परंपरेचे मोलाचे साधन आहे.

ढोलकी, डफ व तुणतुणे यांच्या साथीने मंदिरप्रवेश, शिक्षण, सावकारी, पुणे करार असे विषय जलशातून मांडले जात. सोंगाड्याच्या विनोदात अस्पृश्यता पाळणाऱ्याची फजिती होई आणि निरक्षर श्रोत्यालाही चळवळीचा आशय हसतखेळत उमगे. या अर्थाने जलसा ही भेदाभेदाविरुद्ध उभी राहिलेली अस्सल मराठी संगीत-विनोदिकाच होय. परंतु तिच्यात नर्तकी नव्हती. लावणीनृत्य वगळलेले होते आणि स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत.

नर्तकीला वगळण्याचे कारण

या निर्णयामागे निव्वळ सोवळेपणा नव्हता. तमाशाच्या फडावर नाचणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतील होत्या आणि समोरचा प्रेक्षक त्यांच्याकडे कलावंत म्हणून क्वचितच पाहत असे. संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाई या महार समाजातील विख्यात कलावतीची पठ्ठे बापूराव यांच्याशी जोडी जमली. बापूराव (१८६६-१९४५) जन्माने ब्राह्मण होते. हे साहचर्य जातिभेद ओलांडणारे होते, असे आजही कौतुकाने सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मात्र ते तसे वाटले नाही. बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीसाठी देऊ केलेली देणगी त्यांनी नाकारली, असे जलशांच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा अस्पृश्यांच्या मुक्तीसाठी घेणे त्यांना अमान्य होते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणी यांच्यासमोर बोलतानाही त्यांनी हे जिणे सोडून देण्याचेच आवाहन केले.

या भूमिकेने समाजाला स्वाभिमान दिला, हे निर्विवाद आहे. तथापि फडावर राहिलेल्या स्त्रीचे काय झाले, याचीही नोंद इतिहासाने घेतली पाहिजे. नारायणगावच्या मांग कुटुंबातील विठाबाई (१९३५-२००२) लहानपणापासून वडील व चुलत्यांच्या 'भाऊ-बापू' फडात वाढल्या. राष्ट्रपती पुरस्कार त्यांना मिळाला, परंतु उतारवयात विपन्नावस्था चुकली नाही. त्यांची कला सरकारने गौरविली आणि प्रेक्षकांनी उपभोगली. चळवळीच्या रंगमंचावर मात्र त्या कलेला जागा नव्हती. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांच्या संदर्भात, तर शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांच्या संदर्भात हाच पेच अभ्यासकांपुढे ठेवला आहे. प्रतिष्ठेची जी व्याख्या समाजाला उभे करते, तीच त्या समाजातील एका स्त्रीला बाहेर ठेवते.

समारोप

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूजवळील देहूरोड येथे डॉ. आंबेडकर यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९२० मध्ये 'मूकनायका'च्या शीर्षस्थानी तुकारामांचा अभंग छापणारा नेता अशा रीतीने तुकारामांच्या परिसरात नव्या धम्माची खूण ठेवून गेला. कीर्तनाची आणि भीमगीतांची अशा दोन्ही परंपरा आज या परिसरात शेजारी शेजारी नांदतात. दरम्यान चळवळीच्या गाण्यात स्त्री परतली आहे. एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात आणि पुण्याच्या कबीर कला मंचातून पुढे आलेल्या शीतल साठे ही त्याची ठळक उदाहरणे होत. मात्र जी परतली ती गायिका, नर्तकी नव्हे.

बाल्टिमोरच्या कथेत नर्तकी नाचली म्हणून भिंत पडली. महाराष्ट्रात नर्तकीने नाचणे थांबविल्याशिवाय भिंत पडणार नाही, असे चळवळीला वाटले आणि त्या काळी तसे वाटण्यास सबळ कारण होते. जलशाचे श्रेय यामुळे तसूभरही कमी होत नाही. परंतु अस्पृश्यताविरोधी रंगभूमीचा इतिहास लिहिताना कर्डकांच्या शेजारी पवळाबाई आणि विठाबाई यांनाही स्थान द्यावे लागेल. त्यांना उपेक्षितांच्या यादीत ढकलून चालणार नाही. ज्यांच्या श्रमातून जलशाला त्याचे सूर, ताल आणि विनोद मिळाले, अशा कलावंत म्हणून त्यांची नोंद झाली पाहिजे.