रिव्हेट, रंग आणि काजळी : उडत्या युद्धविमान-प्रतिकृतींच्या तपशिलांचा इतिहास

रेडिओ-नियंत्रित युद्धविमानाची प्रतिकृती दोन ठिकाणी पारखली जाते. जमिनीवर पाहणारा तिच्या पत्र्याचे जोड आणि रिव्हेटांच्या रांगा जवळून न्याहाळतो. आकाशात तिला मूळ विमानासारखे चढावे, वळावे आणि उतरावे लागते. मूळ विमानाची मापे ठरावीक प्रमाणात लहान केली की आकार मिळतो. मात्र पत्र्याचे जोड, रिव्हेट, झाकणे, चिन्हे, रंगसंगती, कॉकपिटमधली उपकरणे, धुराचे डाग आणि वापराने झालेली झीज यांच्यावाचून तो आकार कोणत्याही एका विमानाचा होत नाही. हे तपशील उडत्या प्रतिकृतीवर आणण्याची कला विसाव्या शतकात प्रामुख्याने ब्रिटन आणि अमेरिकेत घडली. रेडिओ आणि इंजिन किती वजन पेलतील आणि मूळ विमानाचा किती खात्रीचा पुरावा हाती आहे, या दोन गोष्टींनी तिची वाटचाल ठरवली.

दोन वेगळे प्रवाह

१९३० च्या दशकात हुबेहूब प्रतिकृती आणि उडती प्रतिकृती हे दोन स्वतंत्र छंद होते. ब्रिटनमध्ये जेम्स हे स्टीव्हन्स यांनी १९३२ मध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकडी विमानांचे संच आणले आणि १:७२ हे प्रमाण रूढ केले. मूळ विमानाचे ६ फूट प्रतिकृतीत १ इंचात बसतात, म्हणून हे प्रमाण सोयीचे ठरले. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने याच प्रमाणातले प्लास्टिकचे संच बाजारात आणले. ही विमाने उडणारी नव्हती. ती मांडून ठेवण्यासाठी होती.

दुसऱ्या महायुद्धात प्रतिकृतींना लष्करी काम मिळाले. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून ५ लाख लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची मोहीम हाती घेतली. सैनिकांना शत्रूची आणि मित्रपक्षाची विमाने ओळखता यावीत, हा तिचा हेतू होता. या प्रतिकृतींची बाह्यरेषा काटेकोर असे आणि रंग मात्र सरसकट काळा, कारण दूरच्या आकाशातले विमान सैनिकाला सावलीसारखेच दिसणार होते. याच काळात ब्रिटनमध्ये ‘एअरक्राफ्ट ऑफ द फायटिंग पॉवर्स’ ही ग्रंथमाला निघाली. तिच्यातल्या १:७२ प्रमाणातल्या आराखड्यांमुळे युद्धविमानांची मापे सामान्य कारागिराच्या टेबलावर पोहोचली.

रेडिओचा प्रवाह निराळा होता. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे १९३७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओ-नियंत्रित विमाने उतरली आणि चेस्टर लॅन्झो विजयी झाले. मिशिगनमधल्या कॅलमझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचे सुमारे ८ फूट पंखविस्ताराचे ‘गफ’ हे विमान त्याच काळातले. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. व्हॉल्व्ह आणि जड बॅटऱ्या वाहून नेण्यासाठी ही विमाने मोठी, हलकी आणि संथ ठेवावी लागत. आखूड पंखांचे, वजनदार, वेगवान युद्धविमान त्या रेडिओला झेपण्यासारखे नव्हते, मग त्यावर रिव्हेट काढण्याचा प्रश्नच दूर राहिला.

रेडिओने उघडलेली वाट

सुरुवातीच्या रेडिओ संचात रबरबँडच्या पिळावर चालणारी एक खटक्याची यंत्रणा असे. ती बहुधा शेपटीवरचे उभे सुकाणू तेवढे हलवी, आणि तेही पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे. पुढे वेगवेगळ्या स्वरांना कंप पावणाऱ्या पट्ट्यांचे ‘रीड’ संच आले आणि इंजिनाचा वेग, पंखांवरचे पृष्ठभाग, शेपटीचे आडवे पृष्ठभाग असे सारे स्वतंत्रपणे हलवता येऊ लागले. खरा बदल १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स यांच्या ‘डिजिकॉन’सारख्या संचांनी दांडी जितकी हलवावी तितकाच पृष्ठभाग हलेल अशी प्रमाणशीर नियंत्रणाची सोय केली.

यानंतर युद्धविमान हा विषय रेडिओ-छंदात मध्यभागी आला. फ्लॅप उघडणे, चाके आत ओढून घेणे, बाँब टाकणे हे मूळ विमानाचे व्यवहार प्रतिकृतीतही येऊ लागले. १९६९ च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटासाठी जर्मन स्टुका विमाने उडत्या स्थितीत मिळेनात, तेव्हा त्यांच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती उडवून चित्रीकरण झाले. १९७६ मध्ये जपानच्या ओ.एस. कंपनीने चार-स्ट्रोकचे छोटे इंजिन मोठ्या प्रमाणावर विकायला आणले. त्याचा खालचा, भरदार आवाज युद्धविमानाला अधिक शोभणारा होता. पुढे झाडे तोडण्याच्या यांत्रिक करवतीच्या जातीची पेट्रोल इंजिनेही प्रतिकृतींवर चढली. विमाने मोठी झाली आणि तपशिलांना जागा मिळाली.

पुराव्याची शिस्त

तपशिलांच्या कलेला शिस्त लावली ती स्पर्धांनी. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या (एफएआय) नियमांत रेडिओ-नियंत्रित हुबेहूब प्रतिकृतींचा ‘एफ४सी’ हा वर्ग आहे. त्यात जमिनीवरचे आणि उड्डाणाचे गुण वेगवेगळे दिले जातात. परीक्षक आधी ठरावीक अंतरावरून बाजूची, समोरची आणि वरची बाह्यरेषा तपासतात. रंग, चिन्हे, पृष्ठभागाचा पोत, कारागिरी आणि बारीक भाग यांचेही गुण असतात. हे सारे स्पर्धकाने सादर केलेल्या आराखड्यांशी आणि छायाचित्रांशी ताडून पाहिले जाते. मूळ विमानात वैमानिक दिसत असेल तर उड्डाणाच्या वेळी प्रतिकृतीतही वैमानिकाची बाहुली दिसली पाहिजे. नसेल तर गुण कापले जातात. अमेरिकेत १९८० पासून ‘स्केल मास्टर्स’ आणि १९८९ पासून फ्लोरिडातली फ्रँक टियानो यांची ‘टॉप गन’ या स्पर्धांनी याच पद्धतीला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला.

कागदपत्रांच्या या अटीमुळे कामाचा क्रमच बदलला. कारागीर केवळ ब्रिटनचे ‘स्पिटफायर’ लढाऊ विमान करत नाही. एका ठरावीक क्रमांकाचे, ठरावीक तुकडीतले, ठरावीक महिन्यातले स्पिटफायर करतो. त्यासाठी आधी छायाचित्रे जमवतो आणि मग लाकूड कापायला घेतो. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘प्रोफाइल पब्लिकेशन्स’च्या पुस्तिकांनी अशी एकेका विमानाची रंगीत पार्श्वचित्रे पुरवली आणि ही सवय रुजवली.

पत्रा, जोड आणि रिव्हेट

रिव्हेट हा वरवर क्षुल्लक वाटणारा तपशील आहे, पण मूळ विमानाच्या रचनाकारांनाही त्याने पेचात टाकले होते. सपाट रिव्हेट बसवणे खर्चिक आणि वेळखाऊ होते. ते खरोखर कुठे हवेत हे ठरवण्यासाठी सुपरमरीन कंपनीने स्पिटफायरच्या नमुना विमानावर प्रत्येक सपाट रिव्हेटावर वाटाण्याची डाळ चिकटवून ते उडवले. वेग ताशी २२ मैलांनी घटला. मग एकेका भागावरची डाळ काढत चाचण्या झाल्या. परिणामी सुरुवातीच्या स्पिटफायरांच्या पंखांवर सपाट रिव्हेट आणि धडाच्या मागच्या भागावर उंचवट्याचे रिव्हेट राहिले. प्रतिकृतीवर हे दोन प्रकार वेगळे दिसले, तरच ती खरी.

उंचवट्याच्या रिव्हेटांसाठी कारागीर इंजेक्शनच्या सुईतून पांढऱ्या गोंदाचे ठिपके ओळीने सोडतात. सपाट रिव्हेटांसाठी सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाला बारीक पितळी नळी बसवून पृष्ठभागावर हलकी वर्तुळे उमटवतात. पत्र्यांच्या जोडांसाठी बारीक टेप लावून त्यावरून जाडसर प्रायमर मारला जातो आणि टेप काढल्यावर रेघ उरते. या सगळ्याखाली बाल्साचा सांगाडा आणि त्यावर राळेत भिजवलेले अत्यंत पातळ काचतंतूंचे कापड असते. १९६० च्या दशकापासून मिळणारे, उष्णतेने ताणले जाणारे चकचकीत प्लास्टिकचे आवरण शिकाऊ विमानांना उत्तम असले, तरी लढाऊ विमानाच्या निस्तेज रंगाला ते मानवत नाही. उघड्या धातूच्या विमानासाठी ॲल्युमिनियमची चिकट पातळ पन्नी एकेक पत्रा कापून लावली जाते.

सगळीकडे सारखे रिव्हेट काढणे ही चूक ठरते. ब्रिटनचे मॉस्किटो हे विमान लाकडाचे होते, त्यामुळे त्याच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा नव्हत्या. ब्रिटनच्याच हरिकेन विमानाच्या धडाचा मागचा भाग कापडाचा होता. तिथे खालच्या सांगाड्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या काठ्या कापडातून उमटलेल्या दिसायला हव्यात. अमेरिकेच्या पी-५१ मस्टँगच्या पंखांचा पुढचा भाग कारखान्यात लांबी भरून, घासून, चंदेरी रंगाने रंगवला जाई, म्हणजे हवा गुळगुळीत वाहावी. त्यामुळे मस्टँगच्या पंखांवर ठळक रिव्हेट दाखवणारी प्रतिकृती कष्टाची असली तरी चुकीची असते. आज संग्रहालयांत दिसणारी अनेक मस्टँग विमाने चकचकीत उघड्या धातूची आहेत. त्यांच्याकडे पाहून काम केले तर युद्धकाळातले विमान हाती लागत नाही.

रंग आणि चिन्हे

रंगांचा अभ्यास सरकारी प्रमाणकांपासून सुरू होतो. जर्मन हवाई मंत्रालयाचे ‘आरएलएम’ क्रमांक, ब्रिटिश प्रमाणके आणि १९५६ पासून अमेरिकेचे ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ यांच्यामुळे रंगांबद्दल नेमके बोलता येऊ लागले. मात्र मूळ डब्यातला रंग लहान प्रतिकृतीवर तसाच लावला, तर तो अपेक्षेपेक्षा गडद दिसतो. दुरून पाहिलेले मोठे विमान मधल्या हवेमुळे फिकट भासते. इयान हंटली यांनी ब्रिटिश मासिकांतून हा मुद्दा सविस्तर मांडला, आणि प्रमाण जितके लहान तितका रंगात पांढरा किंवा करडा अधिक मिसळण्याची रीत पसरली. मोठ्या उडत्या प्रतिकृतींत ही मिसळ बेतानेच करावी लागते.

चिन्हे तर तारखेनुसार बदलतात. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील चढाईच्या आधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे ओढले गेले. एकइंजिनी विमानांवर ते १८ इंच रुंद होते. १:५ प्रमाणात ते ९ सेंटिमीटरांहून थोडेसे अधिक भरतात. हे काम घाईत आणि ब्रशने झाले, म्हणून अनेक विमानांवर कडा वाकड्या होत्या. आग्नेय आशियाच्या आघाडीवर जपानी लाल गोलाशी गफलत होऊ नये म्हणून ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलांच्या चक्रातला लाल रंग काढून गडद आणि फिकट निळा ठेवला गेला. स्वातंत्र्यानंतर भारतीय विमानांवर १९४७ पासून अशोकचक्र आले आणि १९५० मध्ये केशरी, पांढरा व हिरवा यांचे वर्तुळ. भारतीय हवाई दलाची प्रतिकृती करणाऱ्याला नुसत्या चक्रावरूनही आपल्या विमानाचा काळ सांगता येतो.

काजळी, ओरखडे आणि झीज

सुरुवातीच्या स्पर्धांमध्ये नवे कोरे, नितळ रंगाचे विमान हेच कारागिरीचे लक्षण मानले जाई. वापरलेले, मळलेले विमान दाखवण्याची आवड पुढे वाढली ती प्लास्टिक प्रतिकृतींच्या जगातून. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेप पेन यांनी आणि नंतर बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हेरलिंडन यांनी देखाव्यांमधून पातळ गडद रंग खाचांत सोडणे आणि कोरड्या ब्रशने कडा उजळणे या पद्धती लोकप्रिय केल्या. उडत्या प्रतिकृतींच्या क्षेत्रात अमेरिकेत डेव्ह प्लॅट आणि ब्रिटनमध्ये ब्रायन टेलर यांच्या कामाने हा वापरलेपणा परीक्षकांसमोरही मान्य झाला.

झिजेचेही कारण असावे लागते. शिसेयुक्त इंधनाच्या धुराचा डाग नेहमीच काळा नसतो. दीर्घ उड्डाणानंतर तो करडा, पांढुरकाही दिसतो. पंखाच्या मुळाशी ओरखडे पडतात, कारण वैमानिक आणि मेकॅनिक तिथूनच चढतात. जपानी लष्कराच्या अनेक विमानांवर प्रायमरशिवाय रंग दिला जाई, म्हणून त्यांचा रंग पापुद्र्यांनी सुटे. स्पिटफायर आणि हरिकेनच्या मशीनगनच्या तोंडांवर धूळ आणि गारठा रोखण्यासाठी लाल कापडाचे तुकडे चिकटवत. पहिल्या गोळीबारात ते फाटत. ते तुकडे शाबूत दाखवून मागे दारूची काजळी दाखवली, तर विमानाने गोळ्या झाडल्या की नाही, याची दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच पंखावर उभी राहतात.

वजनाचा हिशेब

प्रत्येक तपशिलाची किंमत ग्रॅममध्ये मोजावी लागते. १:५ प्रमाणात स्पिटफायरचा ११.२ मीटरांचा पंखविस्तार सुमारे सव्वादोन मीटर होतो. पंखाचे क्षेत्रफळ मात्र पंचविसाव्या हिश्शावर येते. वजन आटोक्यात नसेल तर विमान वेगाने उतरते आणि वळणात पंखांची उचल सुटून कोसळते. शेपटीकडे रंगाचा एक जादा थर चढला, तर तोल सावरण्यासाठी नाकात त्याहून अधिक शिसे घालावे लागते. म्हणून कुशल कारागीर प्रायमर बहुतांशी पॉलिश पेपरने घासून काढतात, कॉकपिटची उपकरणे कागदावर छापून पारदर्शक पत्र्यामागे लावतात आणि वैमानिकाची बाहुली पोकळ ठेवतात. मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनांचे तेलकट उत्सर्जन साधा रंग खराब करते, त्यामुळे वरून निस्तेज संरक्षक थरही द्यावा लागतो. पेट्रोल आणि विजेच्या मोटरींनी हा त्रास बराच कमी केला.

आजचे स्वरूप

एकविसाव्या शतकात साचातच जोडरेषा उमटलेली, रंगवून आलेली फोमची युद्धविमाने मिळू लागली आणि पूर्वी महिने लागणारे काम काही तासांत घरी पोहोचले. लेसरने कापलेले भाग, संगणकावर कापलेले चिन्हांचे साचे, त्रिमितीय छपाईने केलेल्या तोफा आणि कॉकपिटची आसने यांनी स्वतः बांधणाऱ्यांचेही श्रम वाचवले. ‘टॉप गन’सारख्या स्पर्धांत बांधणारा आणि उडवणारा वेगळे असू शकतील असा गटही आहे. साधने बदलली तरी कसोटी तीच आहे : विमानावरची प्रत्येक रेघ, प्रत्येक रंग आणि प्रत्येक डाग कोणत्या तरी छायाचित्राने किंवा कागदाने सिद्ध झाला पाहिजे, आणि त्याचे वजन घेऊन विमान नीट उडाले पाहिजे.